लांबच्या मुलखातून घोडा आणताना

दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार, दत्तजयंतीला तापीकाठचं सारंगखेडं, मग नांदेडकडची माळेगावची जत्रा आणि संक्रांतीला पंजाबात मुक्तसरचा मेळा. घोडा घेणाऱ्यांचा हंगाम हा असा तीनेक महिन्यांचा. हल्ली निम्मे सौदे बाजारात रुमालाखाली बोटं धरून न होता मोबाईलवर होतात. यंदा सोलापूर जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रं त्याबद्दलचीच आहेत.

प्रश्न (मोहोळ): राजस्थानातल्या बालोतऱ्याकडची मारवाडी घोडी आहे. वय पाच, उंची ६२ इंच असं सांगतात. विक्रेता रोज नवे व्हिडिओ पाठवतो आणि निम्मी रक्कम इसार म्हणून मागतो. जाऊन बघायचं तर बारा-तेराशे किलोमीटर. व्हिडिओवरून कितपत कळतं?

उत्तर: व्हिडिओवरून घोडी नापसंत करता येते, पसंत करता येत नाही. एवढं धरून चाला. त्याने पाठवलेले व्हिडिओ बाजूला ठेवा आणि तुम्हाला हवा तसा एकच व्हिडिओ मागा. तो मध्ये न तोडलेला असावा, सुरुवातीला त्या दिवसाचं वर्तमानपत्र दिसावं आणि घोडीच्या अंगावर झूल, गोंडे, काही नसावं.

तो पहाटे तबेल्यातून सुरू व्हावा, घोडी बाहेर काढायच्या आधी. ती उभी कशी आहे ते बघा. मागचा एखादा पाय सैल सोडून उभं राहणं नेहमीचं आहे. पुढचा पाय मात्र घोडा विनाकारण पुढे टाकून उभा राहत नाही. तसं दिसलं तर तो पाय दुखतोय. गव्हाणीची कड कुरतडलेली असेल तर घोडीला दात रोवून हवा गिळायची खोड असू शकते. ती सहसा जात नाही आणि दातांची झीज करते. मागे पडलेली लीदही दिसू द्या.

मग कडक, सपाट जमिनीवर वीस पावलं लांब जाऊन परत, आधी चालत, नंतर दुडकीने. दोरी सैल हवी. हनुवटीखाली दोरी आवळून धरली की लंगडणं झाकलं जातं, कारण पुढच्या पायातली खोट डोक्यावरूनच कळते: दुखरा पाय टेकला की डोकं वर उडतं, चांगला टेकला की खाली येतं. मागच्या पायाची खोट पुठ्ठ्यांवर दिसते. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. त्यानंतर दोन्ही बाजूंनी गोल फिरवणं, चार पावलं मागे सरकवणं, चारही खूर उचलून तळवा दाखवणं, खोगीर घालून माणूस चढणं, आणि शेवटी गाडीत चढवणं. वाळूत ढोलकीवर नाचणाऱ्या घोड्याचा व्हिडिओ कितीही देखणा असला तरी त्यात पायांची परीक्षा होत नाही. वाळूत पाय रुततो, लगाम आवळलेला असतो, आणि नाचणं ही शिकवलेली गोष्ट आहे.

उंचीत फसगत नेहमी एका-दोन इंचांची होते. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत उंची मोजायची. टेप पोटावरून वळवून धरला की आकडा वाढतो. सरळ काठी, तिला काटकोनात आडवी पट्टी, पट्टीवर गवंड्याची लेव्हल, खाली फरशी किंवा काँक्रीट, आणि पायांत नाल आहेत की नाहीत ते सांगितलेलं, असा फोटो मागा. चार इंचांचा एक हात या हिशेबाने ६२ इंच म्हणजे साडेपंधरा हात. मारवाडी घोडीला ही उंची चांगली आहे, म्हणून तर तो आकडा सांगायचा मोह होतो.

वयासाठी ओठ वर करून पुढच्या दातांचे दोन फोटो घ्या, एक समोरून, एक बाजूने. दुधाचे दात पडून मधली जोडी साधारण अडीच वर्षांत येते, तिच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पुरं भरतं, आणि खालच्या सगळ्या दातांच्या माथ्यावर काळी खोलगट वाटी असते. सहाव्या वर्षी मधल्या जोडीची वाटी झिजून जाते, सातव्याला तिच्या बाजूची, आठव्याला कडेची. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी उभी तपकिरी रेघ दिसू लागली की घोडी दहाच्या आसपास आहे. ती रेघ दाताच्या निम्म्यावर उतरली तर पंधराची. रेताड चाऱ्यावर वाढलेल्या जनावराचे दात लवकर झिजतात, तेव्हा वर्षभराचा फरक माफ करा. पाच सांगून रेघ दिसली तर मात्र बोलणं तिथेच थांबवा.

देवमण, आसूढाळ असे शुभ-अशुभ मानलेले केसांचे भोवरे, आणि पंचकल्याण म्हणजे चारही पाय व तोंड पांढरं आहे का, हेही विचारून घ्या. पायांशी किंवा फुप्फुसाशी त्यांचा संबंध नाही, पण पुढे विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच बघतं आणि किंमत तिथे अडते.

निम्मा इसार देऊ नका. दहावा हिस्सा पुष्कळ झाला, तोही ज्याच्या नावाने पावती होणार त्याच्याच बँक खात्यात. सौदापावतीवर घोडीचा रंग, कपाळावरचे व पायांवरचे पांढरे पट्टे, भोवरे, डाग दिल्याची खूण आणि मायक्रोचिप असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक लिहा. आणि एक ओळ अशी की, खरेदीदाराच्या डॉक्टरांच्या तपासणीत किंवा रक्ताच्या अहवालात दोष निघाल्यास इसार परत. या ओळीला जो नकार देतो त्याच्याकडून घोडी घेऊ नये. व्यापारी नाराज झाला तर होऊ दे.

प्रश्न (बार्शी): विक्रेता तिथल्याच डॉक्टरांचा ‘घोडा निरोगी आहे’ असा दाखला देतो. तेवढा पुरेल का? रक्ताच्या कोणत्या तपासण्या लागतात?

उत्तर: दाखला देणारा डॉक्टर प्रामाणिक असेलही, पण त्याची फी विक्रेत्याने दिलेली असते. तुमची फी घेणारा, विक्रेत्याशी व्यवहार नसलेला पशुवैद्य तुम्ही शोधा, शक्यतो शेजारच्या तालुक्यातला. या एका खर्चात हात आखडू नका. घोड्याच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

त्यांनी काय बघावं ते आधी फोनवर ठरवा. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइटच्या आत. दहा मिनिटं पळवून पुन्हा छाती ऐकणं. अंधाऱ्या खोलीत बॅटरीने दोन्ही डोळे, कारण वारंवार सुजणाऱ्या डोळ्यात आधी धूसर डाग येतो आणि मग दृष्टी जाते. प्रत्येक पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच दुडकी. चिमट्याने खुराच्या तळव्यावर दाब. आणि एक नळी रक्त काढून फ्रीजमध्ये ठेवणं. फिनाइलब्युटाझोनसारखं वेदनाशामक दिलं की लंगडा घोडा काही काळ सरळ चालतो. घरी आल्यावर लंगडला तर त्या राखून ठेवलेल्या रक्तावरून खरं काय ते काढता येतं. रक्त राखून ठेवणार हे विक्रेत्याला आधीच सांगा.

रक्ताच्या तपासण्यांत पहिली ग्लँडर्सची. हा जिवाणूचा रोग घोडा, खेचर, गाढव यांना होतो आणि माणसालाही होतो. नाकातून चिकट शेंबूड, कातडीखाली दोरीसारख्या गाठी, त्या फुटून जखमा. पण काही घोडे वरून धडधाकट दिसत रोग बाळगून असतात, म्हणून नुसतं बघून निकाल लागत नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याखाली या रोगाची माहिती कळवणं बंधनकारक आहे. बाधित जनावरावर उपचार करत नाहीत, ते मारून पुरतात आणि आसपासच्या घोड्यांची ने-आण थांबवतात. विक्रेत्याच्या भागात अशी बंदी चालू आहे का, हे तिथल्या पशुसंवर्धन खात्यात आधी विचारा. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही या रोगाच्या तपासणीची मुख्य जागा. अहवालाला काही दिवस लागतात, ते सौद्याच्या मुदतीत धरा.

दुसरी तपासणी घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची, जिला डॉक्टर कॉगिन्स चाचणी म्हणतात. तिसरी सर्राची. सर्रा चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. ताप चढतो-उतरतो, पायांना व पोटाखाली सूज येते, आणि घोडा खात असूनही उतरत जातो. याला औषध आहे, त्यामुळे सर्रा निघाला म्हणून सौदा मोडलाच पाहिजे असं नाही. उपचार करून, पुन्हा तपासून मगच हलवा. अहवालावर घोड्याचं वर्णन किंवा चिपचा क्रमांक नसेल तर तो अहवाल तुमच्याच घोड्याचा आहे हे सिद्ध होत नाही. चिप वाचायचं यंत्र डॉक्टरांना सोबत न्यायला सांगा.

प्रश्न (सांगोला): सारंगखेड्याहून एक घोडा आणि शिंगरू आणायचं आहे. पिकअप चालेल का? किती वेळ लागेल, वाटेत काय द्यायचं?

उत्तर: सारंगखेडं ते सोलापूर धुळ्यावरून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, तिथून पुढे सांगोला. जनावर वाहतुकीचे १९७८ चे नियम घोड्यांच्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा घालतात. थांबे धरून दोन रात्रींचा प्रवास मोजा. ‘रात्रीत पोचवतो’ म्हणणारा ड्रायव्हर नको. घोडा पायांवर तोल सांभाळत उभा असतो, आणि प्रत्येक जोरकस ब्रेक त्याच्या गुडघ्यांवर येतो.

पिकअपचा हौदा लहान पडतो. एका घोड्याला सव्वादोन चौरस मीटर जागा, म्हणजे सव्वादोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद. शिंगरू आईचं असेल तर तिच्याजवळ, परकं असेल तर मध्ये आडोसा. दोन जनावरांमध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे हवेत. बाजूंना गाद्या किंवा भरलेली पोती बांधा. खाली काथ्याची चटई आणि तिच्यावर चार बोटं ओली वाळू. उसाचं पाचट स्वस्त म्हणून अंथरतात, पण लघवीने भिजलं की त्यावर पाय घसरतो. साखळी लावू नका. सुती दोर, तोही हिसक्यासरशी सुटणाऱ्या गाठीने. मागच्या पायांचे नाल काढून घ्या.

डोकं उंच आवळून बांधणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. घोडा मान खाली घालून नाकाघशातला मळ बाहेर टाकतो. तासन्‌तास डोकं वरच राहिलं की तो मळ फुप्फुसात उतरतो, आणि दोन-तीन दिवसांनी ताप, खोकला, न्यूमोनिया. दर चार तासांनी गाडी सावलीत उभी करा, दोर सैल करून अर्धा तास मान खाली घालू द्या. गव्हाणही छातीच्या खाली बांधा. तोबरा भरून तोंडाला अडकवून ठेवू नका, त्यातली धूळ थेट नाकात जाते.

पाणी दर थांब्याला दाखवा. नव्या गावचं पाणी वासावरून नाकारणारे घोडे पुष्कळ, म्हणून निघतानाच त्याच्या तबेल्यातलं पाणी दोन-तीन कॅनमध्ये भरून घ्या. पुढे त्यात नवं पाणी मिसळत जा. वाटेत दाणा पूर्ण बंद. नेहमीचा वाळला चारा थोडा पाणी शिंपडून द्या. हरभरा-जव भरपेट देऊन गाडीत चढवलेला घोडा पोटशुळाला आमंत्रण देतो.

संध्याकाळी निघा. डिसेंबरात खानदेशातली रात्र थंड असते, तेव्हा पुढून ताडपत्री, वरून हवा मोकळी. एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडे पारा चाळिशीपार असताना घोडा आणूच नका. सोबत घोडा सांभाळणारा मोतद्दार हवा, ड्रायव्हर पुरत नाही. कागदांत प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला, रक्ताचे अहवाल, बाजार समितीची किंवा यात्रेतली पावती, सौदापावती आणि गाडीचा जनावर वाहतुकीचा परवाना. विमा घ्यायचा असेल तर गाडीत चढवण्याआधी, आणि प्रवासातली हानी त्यात येते का हे लेखी बघून.

गाभण घोडी असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत हलवू नका. घोडी अकरा महिने वागवते. ‘पाच महिन्यांची गाभण’ हे सोनोग्राफीशिवाय किंवा डॉक्टरांनी हात घालून बघितल्याशिवाय मान्य करू नका, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे तर मुळीच नकोत.

प्रश्न (अक्कलकोट): काठेवाडी घोडा चार दिवसांपूर्वी राजकोटहून आला. कडबा टाकतो, तो अर्धा सोडतो. आज खोकला आहे. घरी दुसऱ्या दोन घोड्या आहेत.

उत्तर: आधी ताप मोजा. थर्मामीटर गुदद्वारात, दोन मिनिटं. १०१.५ च्या वर असेल तर आजच डॉक्टर बोलवा. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर सरकारी फिरतं पथकही मिळू शकतं. प्रवासानंतर ताप आणि खोकला एकत्र आला की दोन दिवस वाट बघणं परवडत नाही. जबड्याखाली गाठ आली आणि नाकातून पिवळा शेंबूड आला तर स्ट्रँगल्स असेल, आणि तो घोड्यांत झपाट्याने पसरतो. ताप, खोकला किंवा शेंबूड असताना स्वार होऊ नका, पळवू नका.

तुमच्या घोड्यांपासून त्याला २१ दिवस वेगळं ठेवा, आणि तेही त्याच्याकडचा वारा त्यांच्याकडे येणार नाही अशा अंगाला. बादली, खरारा, मोहरकी (तोंडाला बांधायची दोरी), झाडू सगळं स्वतंत्र. आधी घरच्या घोड्यांची कामं, शेवटी नव्याची, मग हातपाय धुऊन घरात. दिवसातून दोनदा ताप वहीत लिहा. हे सगळं घोडा उतरायच्या आधीच तयार ठेवायचं असतं, पण अजूनही उशीर झालेला नाही.

आता कडब्याचं. आपल्याकडचा मालदांडीचा कडबा जाड, कोरडा. सौराष्ट्रातून आलेल्या घोड्याला त्याची सवय नसते. तो लांबच्या लांब टाकला तर पानं खाऊन ताटं सोडतो, आणि भुकेने ताटं गिळली तर आतड्यात बोळा होतो. कुट्टी दोन इंचांची करा, पाणी शिंपडा, आणि जुना चारा तीन हिस्से, कडबा एक हिस्सा असं सुरू करून आठ-दहा दिवसांत बदल पुरा करा. विक्रेत्याकडून दोन पोती जुना चारा गाडीतच मागवला असता तर हा अर्धा त्रास टळला असता. पुढच्या वेळी मागवा. लीद मोजा: दिवसाला आठ-दहा वेळा पडली पाहिजे. सहा तास पडली नाही, घोडा पोटाकडे वळून बघतोय, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, लोळतोय, तर तो पोटशूळ. चारा-दाणा काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. तेल किंवा काढा तोंडाने ओतू नका, तो श्वासनळीत जातो.

हिरवी ज्वारी घोड्याला मुळीच नको. कोवळ्या आणि पाण्याविना खुरटलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल असतं हे बैलवाल्यांना ठाऊक आहे. घोड्यांत आणखी एक विकार होतो: हिरव्या ज्वारीवर आठवडेच्या आठवडे ठेवलेल्या घोड्याला मागच्या पायांचा तोल राहत नाही आणि लघवी थेंबथेंब गळते. मज्जातंतूंची ती हानी बहुधा भरून येत नाही. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फारसा नाही. उसाचं वाढं आणि हत्ती गवत सर्रास दिलं जातं, पण त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. वर रोज पाटीभर गव्हाचा कोंडा असेल, ज्यात फॉस्फरस भरपूर, तर हाडं पोकळ होऊन जबडा फुगतो. कोंडा मूठभर, त्याऐवजी लसूणघास थोडा. दुभत्या जनावरांची आणि कोंबड्यांची पेंड कधीही नको. त्यांतल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला चालणारी त्याची मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडते.

प्रश्न (सोलापूर शहर): वरातीसाठी पांढरी घोडी हवी आहे. पंजाबची नुकरा घ्यावी का?

उत्तर: नुकरा जन्मतः पांढरी, कातडी गुलाबी. आपल्या उन्हात तिचं नाक आणि पापण्या भाजतात, म्हणून दिवसभर सावली आणि काम संध्याकाळचं, एवढं जमणार असेल तरच घ्या. दुसरी पांढरी दिसते ती सब्जा. ती जन्मते काळी-तांबडी आणि वयासोबत पांढरी होते, कातडी काळी असते. ती उन्हाला टिकते, पण वय झालेल्या सब्ज्यांत शेपटीखाली काळ्या गाठी फार आढळतात. खरेदीआधी शेपूट उचलून बघा. आणि बँड, ताशा, फटाके सोबत असतानाचा व्हिडिओ मागा, लहान मूल पाठीवर बसवून. गोळी देऊन शांत केलेली घोडी ओळखायची तर खालचा ओठ लोंबतो, पापण्या अर्ध्या मिटतात, पाय ओढत चालते.

प्रश्न (माळशिरस): गावच्या पालखीच्या रिंगणासाठी घोडा घ्यायचा आहे. मारवाडीच पाहिजे का?

उत्तर: नाही. रिंगणात भरगच्च माणसांतून चौखूर धावून थांबणारा, टाळमृदंगाला न बिचकणारा घोडा लागतो. उंची दुय्यम. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी आता देशातली नोंदणीकृत आठवी अश्वजात आहे. अंगाने लहान, कडब्यावर वाढलेली, आपल्या उन्हाची आणि मुरमाड जमिनीची. ती आपल्याच आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या धनगर वाड्यांवर मिळते, घरी जाऊन चार दिवस स्वार होऊन बघता येते, आणि या पत्रांतला बाराशे किलोमीटरचा खर्च वाचतो. सराव आषाढीआधी सहा महिने सुरू करा, गर्दी थोडी थोडी वाढवत.

प्रश्न (मंगळवेढा): जंताच्या औषधाला वजन विचारतात. गावात काटा नाही.

उत्तर: पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६०, लांबी १५० असेल तर ३२३ किलो. घेर श्वास सोडल्यावर घ्या. हाच आकडा दर पंधरा दिवसांनी वहीत लिहिला तर नवा घोडा इथल्या चाऱ्यावर चढतोय की उतरतोय, तेही कळेल. दुरून आणलेल्या घोड्याला पहिला डोस आल्या दिवशी देऊ नका. लीद तपासून, चारा रुळल्यावर, दहा-बारा दिवसांनी द्या.